वादळवाऱ्याचा हिशेब

मे २०२१ मधले ते दिवस आठवतात का? कोरोनामुळे सगळे घरातच होते आणि अरबी समुद्रात 'तौक्ते' वादळ उठलं होतं. (हे नाव म्यानमारने दिलेलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ पाल! आपण बायका तशाही पालीला घाबरतोच.) लक्षद्वीपजवळून निघालेलं हे वादळ केरळ, गोवा, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, मुंबई असं किनाऱ्याकिनाऱ्याने वर सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातमध्ये उना-दीवजवळ जमिनीवर आलं. आत्ता कुठे पोचलं, वारा किती, कोकणातल्या मावशीकडे लाईट आहे का, हे घरोघरी लोक टीव्हीवर आणि मोबाईलवर बघत होते. काही हौशी मंडळी तर तासातासाला नकाशावर ठिपके जोडत बसली होती.

सोलापूरला समुद्राचं काय, असं वाटेल. पण त्याआधीच्या वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र १३ तारखेला आंध्रात काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगण ओलांडून दुसऱ्या दिवशी आपल्या भागावर कोसळलं. उजनीतून पाणी सोडावं लागलं, भीमेला पूर आला, पंढरपुरात पाणी शिरलं. उभं पीक गेलं. तेव्हा वादळ कुठे आहे आणि कुठे निघालंय, हे कळणं आपल्यालाही तितकंच महत्त्वाचं आहे.

आता हे कळतं कसं? उपग्रह वरून फोटो काढतो, हे खरं. पण पहिला हवामान उपग्रह आकाशात गेला १९६० साली. त्याआधी वादळाचा माग काढायचा तो जहाजांनी आणि किनाऱ्यावरच्या केंद्रांनी तारेने कळवलेल्या आकड्यांवरून. हवेचा दाब किती, वारा कुठून, पाऊस किती. रवीने ताक घुसळताना मध्ये खळगा पडतो ना, तसं वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब खाली गेलेला असतो. एरवी समुद्रसपाटीला तो हजाराच्या थोडा वर, मोठ्या वादळात ९५० पर्यंत घसरतो. आणि वारे त्या खळग्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. दहा ठिकाणचे आकडे नकाशावर मांडले की खळगा कुठे आहे ते दिसतं. पण यात एक मेख आहे. रत्नागिरीचं यंत्र दोन आकडे जास्त दाखवत असेल आणि वेंगुर्ल्याचं दोन कमी, तर खळगा भलतीकडेच दिसणार. मग कोळ्यांनी होड्या ओढायच्या तरी कुठे?

ही यंत्रं आपल्या देशात, एका मापाची, भरवशाची बनू लागली ती पुण्यात. आणि त्या कामावर जवळजवळ दोन दशकं जिने देखरेख केली ती एक बाई होती. नाव अन्ना मणी. आपल्याकडे नाव ऐकून कुणी धोतर-टोपीतले अण्णा डोळ्यांसमोर आणतील, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं!

अन्ना मोडायिल मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ चा, केरळातल्या पीरमेडचा. तेव्हा ते त्रावणकोर संस्थान होतं. वडील सिव्हिल इंजिनिअर, वेलदोड्याचे मळे, घर सुखवस्तू. आठ भावंडांत अन्ना सातवी. मुलांनी शिकून मोठ्या हुद्द्यावर जायचं आणि मुलींनी लग्नाच्या तयारीला लागायचं, अशी घरची सरळ वाटणी होती. त्या घरात वाढदिवसाला मुलीला हिऱ्यांच्या कुड्या द्यायची पद्धत. अन्नाचा आठवा वाढदिवस आला, कुड्या समोर आल्या. पोरीने त्या नको म्हणून सांगितलं आणि त्याऐवजी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा संच मागितला. म्हणजे ज्ञानकोशाचे जाडजूड खंड! तो तिला मिळालाही. हिऱ्याला नाही म्हणणारी मुलगी विरळाच, पण मला कौतुक वाटतं ते तिचा हट्ट पुरवणाऱ्या घराचं. त्या वयापर्यंत तिने गावच्या वाचनालयातली बहुतेक मल्याळी पुस्तकं वाचून संपवली होती, आणि बाराव्या वर्षापर्यंत इंग्रजीही.

१९२५ साली वायकोमला गांधीजी आले. देवळाभोवतालचे रस्ते सगळ्या जातींना खुले व्हावेत म्हणून तिथे सत्याग्रह चालला होता. लहानग्या अन्नाच्या मनावर त्याचा ठसा उमटला तो कायमचा. तिने खादी धरली ती जन्मभर. बहिणींची लग्नं लवकर झाली. अन्नाने मात्र शिकायचं ठरवलं. घरच्यांनी विरोध केला नाही, फार उत्तेजनही दिलं नाही.

तिला व्हायचं होतं डॉक्टर. ते जमलं नाही, मग जो विषय चांगला येत होता तो घेतला, भौतिकशास्त्र. मद्रासला पदवी झाली आणि १९४० मध्ये शिष्यवृत्ती घेऊन ती बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये दाखल झाली, नोबेलविजेत्या सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत. आणि तिथे हातात काय आलं? हिरे! रामन तेव्हा हिरे आणि माणकांवर संशोधन करत होते. लहानपणी ज्यांना नको म्हटलं तेच हिरे अन्ना आता दिवसरात्र निरखत होती, फक्त कानात घालून नाही तर यंत्रासमोर ठेवून. हिरा अतिशय थंड करायचा, त्यातून निघणारा अंधुक प्रकाश फोटोच्या काचेवर पकडायचा. एका काचेला पंधरा-वीस तास लागत. कितीतरी रात्री तिने प्रयोगशाळेतच काढल्या. १९४२ ते १९४५ या काळात तिचे एकटीच्या नावाचे पाच शोधनिबंध छापून आले.

रामन यांच्याकडे मुलींना प्रवेश मिळाला हेच त्या काळात मोठं. पण मुलामुलींनी एकमेकांत मिसळायचं नाही, बोलायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. आता विज्ञान काही एकट्याने कोपऱ्यात बसून होत नाही. चर्चा करावी लागते, वाद घालावा लागतो. ती चर्चा मुलांमध्ये व्हायची आणि मुली बाहेर. त्यातून बाईच्या हातून यंत्र वापरताना बारीकशी चूक झाली, की बायकांना हे जमायचं नाही असा शेरा ठरलेला.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये तिने प्रबंध पूर्ण करून मद्रास विद्यापीठाकडे पाठवला. विद्यापीठाने पीएच.डी. द्यायला नकार दिला. कारण काय, तर एम.एस्सी. नाही! ऑनर्सची पदवी होती, रामन यांच्यासारख्यांच्या हाताखालची पाच वर्षं होती, छापलेले निबंध होते, पण कागदावर तेवढी एक पायरी नव्हती. प्रबंध कसा आहे हा प्रश्नच आला नाही. नियम तो नियम. आपल्यापैकी ज्या कुणी एखाद्या दाखल्यासाठी खिडकीखिडकीवर उभ्या राहिल्या असतील, त्यांना याची चीड जास्त कळेल. अन्ना मणींनी स्वतः पुढे याबद्दल कधी कुरकुर केली नाही. त्यामुळे आयुष्यात फारसं अडलं नाही, असंच त्या सांगत.

त्याच वर्षी सरकारी शिष्यवृत्तीवर त्या इंग्लंडला निघाल्या. महायुद्ध नुकतंच संपत होतं, सैनिकांची ने-आण करणाऱ्या बोटीतून प्रवास झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र पुढे शिकायचं मनात होतं, पण जागा मिळाली ती हवामानाच्या यंत्रांचं शिक्षण घेण्याची. डॉक्टरकी हुकली, पीएच.डी. हुकली, आता भौतिकशास्त्रही बाजूला पडलं. मिळेल ते मन लावून शिकायचं, हा त्यांचा स्वभावच असावा. यंत्रं कशी बनतात, कशी तपासतात, प्रमाणाला कशी लावतात हे त्या तीन वर्षं शिकल्या.

१९४८ मध्ये स्वतंत्र भारतात परतल्या आणि पुण्याला हवामान खात्याच्या उपकरण विभागात रुजू झाल्या. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं होतं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजूनही 'सिमला ऑफिस' म्हणतात. मुख्यालय नंतर दिल्लीला गेलं, पण पुण्याची वेधशाळा आणि कारखाना तिथेच राहिला. तेव्हा साधा तापमापक किंवा पाऊस मोजायचं यंत्रसुद्धा परदेशातून यायचं. विभागाचे प्रमुख एस. पी. वेंकटेश्वरन यांनी ही सगळी यंत्रं इथेच बनवायची असा ध्यास घेतला होता, आणि खादी नेसणाऱ्या अन्नांना तो मनापासून पटला.

पण बनवणार कोण? तितक्या बारीक कामाचे कारागीर नव्हते, आराखडे नव्हते. मग एकेक यंत्र खोलून, त्याच्या भागाभागाची मापं घेऊन चित्रं काढायची, कारागीर तयार करायचे, बनलेलं यंत्र तपासायचं, चुकलं की पुन्हा. अशी जवळजवळ शंभर यंत्रांची प्रमाण रेखाचित्रं तयार झाली आणि उत्पादन सुरू झालं. बॅरोमीटर, पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग आणि दिशा सांगणारी यंत्रं. वेगवेगळ्या देशांतली यंत्रं एकमेकांशी ताडून बघण्याच्या कामातही त्या होत्या. चुकीचं माप घेण्यापेक्षा न घेतलेलं बरं, अशी त्यांची धारणा. घरात शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. टेपच आखूड असेल तर ब्लाऊज कितीही मन लावून शिवा, बिघडणारच.

१९५३ मध्ये वेंकटेश्वरन यांच्यानंतर विभागाची सूत्रं त्यांच्याकडे आली. वय पस्तीस. हाताखाली १२१ माणसं, सगळे पुरुष! १९५३ सालच्या पुण्यात, एका बाईने आकृती परत करून पुन्हा नीट काढून आणा म्हणायचं आणि पुरुषांनी ते ऐकायचं, याची कल्पना करून बघा. पण त्या कडक शिस्तीत चांगलं काम होत गेलं. बाई म्हणून आपण काही विशेष केलं, असं मात्र त्यांना कधीच वाटलं नाही. तसं कुणी म्हटलेलंही त्यांना आवडत नसे. मला त्यांचं हे म्हणणं पुरतं पटत नाही. ज्या प्रयोगशाळेत बोलायची बंदी होती तिथून इथवर येणं हे विशेष नाही, तर काय?

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष होतं. त्या निमित्ताने अन्ना मणींनी देशभर सूर्याची उष्णता मोजणारी केंद्रं उभी केली. आधी यंत्रं बाहेरून आणली, पण लवकरच ती इथेच बनवायला घेतली. पुढे फुग्याला बांधून वर सोडायचं ओझोन मोजण्याचं भारतीय यंत्र तयार करण्यात त्या गुंतल्या. ओझोनच्या थराला भोक पडतंय ही ओरड जगात १९८५ मध्ये झाली, आणि या बाईंनी मोजमापाची तयारी दोन दशकं आधी केलेली. १९६३ मध्ये थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. त्या तळावर हवामानाचा मनोरा आणि केंद्र उभारण्याची जबाबदारी विक्रम साराभाईंनी त्यांच्यावर टाकली होती. रॉकेट सोडायचं तर आधी वारा कसा वाहतोय ते कळायला हवं ना!

१९६९ मध्ये त्या उपमहासंचालक होऊन दिल्लीला गेल्या आणि १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. रानावनात हिंडायची, पक्षी बघायची आवड होती.

निवृत्तीनंतर त्या बंगळूरला आल्या, काही काळ रामन यांच्याच संस्थेत होत्या. १९८० आणि १९८१ मध्ये भारतातल्या सूर्यप्रकाशाच्या मोजणीवर त्यांची दोन मोठी पुस्तकं निघाली. आज आपल्या छतावर सोलर बसवायला येणारा माणूस किती पॅनल लागतील ते झटकन सांगतो, पण त्यामागे कुठल्या गावात कुठल्या महिन्यात किती ऊन पडतं याचे हे तक्ते आहेत. सोलापूरच्या उन्हाची आपण एरवी तक्रारच करतो, त्याचंही असं मोल आहे बरं का! मग त्या वळल्या वाऱ्याकडे. देशभर सातशेहून जास्त ठिकाणी वाऱ्याची मोजणी झाली, त्यामागे त्या होत्या. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर फिरणाऱ्या पवनचक्क्या पाहिल्या असतील. अशी चक्की उभी करण्याआधी तिथला वारा महिनोन् महिने मोजावा लागतो. बंगळूरमध्ये वारा आणि सूर्यप्रकाश मोजायची यंत्रं बनवणारी एक छोटी कार्यशाळाही त्यांनी काढली होती.

१९८७ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीने के. आर. रामनाथन पदक दिलं. १९९४ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि सतत हिंडणाऱ्या बाईंना अंथरूण धरावं लागलं. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरमला त्यांचं निधन झालं. त्र्याऐंशीव्या वाढदिवसाला सातच दिवस राहिले होते.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांचं नाव हवामान खात्याबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. २३ ऑगस्ट २०२२ ला गुगलच्या पहिल्या पानावर त्यांचं चित्र झळकलं आणि या बाई कोण म्हणून अनेकांनी त्या दिवशी शोध घेतला. बंगळूरला रामन यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात त्यांचा १९४५ चा तो प्रबंध ठेवलेला आहे, ज्यांना पदव्या मिळाल्या त्यांच्या प्रबंधांच्याच रांगेत, तसाच बांधलेला.