एलियस हाउ आणि शिवणयंत्र

पोळ्याच्या आधी माझ्या दप्तराचा पट्टा तुटला. पट्टा जाड चामड्याचा आहे, बाबांच्या जुन्या पिशवीचा. आईने तो घरच्या मशीनवर घातला तर कट्ट करून सुईच मोडली. मग बाबा मला संभाजीनगरला घेऊन गेले. तिथे रस्त्याच्या कडेला चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांचे मशीन वेगळेच होते. त्याला पायडल नाही. हाताने चाक फिरवायचे. त्याचा दांडा लांब आणि निमुळता असतो, म्हणजे बूटसुद्धा त्यावर चढवता येतो. सुई जाड आणि तिचे टोक पात्यासारखे धारदार. दोरा मेण लावलेला. काकांनी आधी चामड्याच्या तुकड्यावर दोन टाके घालून पाहिले, मगच पट्टा घेतला. टाके लांब लांब घातले. मला वाटले कामाचा कंटाळा केला. पण तसे नसते. चामड्याला टाके फार जवळ घातले तर ते पोस्टाच्या तिकिटासारखे भोकांवरून फाटते.

हे मशीन पहिल्यांदा कोणी काढले, असे मी गुरुजींना विचारले. तेव्हा त्यांनी एलियस हाउची माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

एलियसचा जन्म ९ जुलै १८१९ रोजी अमेरिकेतल्या स्पेन्सर या गावी झाला. वडील शेतकरी होते. एलियस पायाने थोडा अधू होता. सहा वर्षांचा असताना तो भावंडांबरोबर चामड्याच्या पट्ट्यांत तारेचे दात बसवायचा. त्या पट्ट्या कापूस पिंजायला लागत. सहा वर्षे म्हणजे आपल्या पहिलीतली पोरं!

मोठा झाल्यावर तो सूतगिरणीची यंत्रे बनवायच्या कारखान्यात लागला. ते काम सुटले, मग बोस्टनला एका यंत्राच्या दुकानात. तिथे त्याच्या कानावर आले की जो शिवायचे यंत्र करील तो श्रीमंत होईल. पगार आठवड्याला ९ डॉलर आणि घरात तीन मुले. बायको एलिझाबेथ लोकांचे कपडे शिवायची. एलियस तिच्या हाताकडे बघत बसायचा. त्याने आधी दोन्हीकडे टोक असलेली, मध्ये नेढे असलेली सुई केली. ती काही जमेना. मग त्याने नेढे टोकाजवळ आणले आणि खालून दुसरा दोरा मागावरच्या धोट्यासारखा सरकवला. दोन्ही दोरे कापडात अडकले की टाका पक्का. सूतगिरणीच्या यंत्रांमुळेच त्याला हे सुचले असेल, असे मला वाटते.

१८४५ साली बोस्टनला मोठी शर्यत झाली. पाच शिवणाऱ्या बायकांना एक एक शिवण दिली आणि एकट्या एलियसला पाच. तरी तोच आधी उठला. त्याचे यंत्र मिनिटाला २५० टाके घालायचे. पण विकत कोणी घेईना. किंमत ३०० डॉलर, आणि शिंप्यांना भीती की आपल्या पोटावर पाय येईल. त्यांचे तरी काय चुकले?

१० सप्टेंबर १८४६ रोजी त्याला पेटंट मिळाले, पण पैसे नाही. मग तो इंग्लंडला गेला. तिथे एका कारखानदाराकडे काम केले, ते सुटले. पैसे संपले तेव्हा त्याने बायकोमुलांना आधी परत पाठवले, आणि यंत्राचा नमुना व पेटंटचे कागद गहाण ठेवून स्वतः मागून आला. एलिझाबेथला क्षय झाला होता. तिच्यापर्यंत पोचायला गाडीभाड्याचे पैसेही नव्हते, ते वडिलांनी पाठवले. तो पोचल्यावर थोड्याच दिवसांत ती वारली. तिच्या मातीला जायला त्याने मागून आणलेले कपडे घातले. ज्याने कपडे शिवायचे यंत्र केले त्याच्याकडे कपडे नव्हते!

इकडे त्याच्यासारखी यंत्रे दुसरे लोक विकत होते. त्यात सिंगर पण होता, ज्याचे नाव आपल्याकडे जुन्या मशीनवर असते. हाउने कोर्टात दावा लावला. सिंगरने दाखवले की वॉल्टर हंट नावाच्या माणसाने आधीच असे यंत्र केले होते. हे खरे होते. पण हंटने पेटंट घेतले नव्हते, म्हणून १८५४ साली हाउ जिंकला. सगळे श्रेय एकट्या हाउला देऊ नये. त्यानंतर प्रत्येक यंत्रामागे त्याला पैसे मिळू लागले आणि तो खूप श्रीमंत झाला. एलिझाबेथने ते पाहिले नाही.

१८५८ साली लायमन ब्लेकने बुटाचे तळवे शिवायचे यंत्र काढले. पुढे अमेरिकेत लढाई झाली तेव्हा सैनिकांचे बूट त्यावर शिवले. हाउसुद्धा त्या लढाईत साधा शिपाई म्हणून गेला. पलटणीचा पगार थकला तेव्हा त्याने तो आपल्या पैशाने दिला. ३ ऑक्टोबर १८६७ रोजी तो वारला.

आईची मोडलेली सुई मी या लेखाखाली चिकटवली आहे. नीट बघा, नेढे टोकाजवळ आहे. हात लावू नका, टोचेल.

– इयत्ता चौथी