परमुलखात रुजलेले डॉक्टर कोटणीस

स्वदेश सोडून दूर देशी जाणे ही गोष्ट कठीण खरी, परंतु त्याहूनही कठीण असते ते तेथे दुसऱ्या दिवशी सकाळी उठणे. निरोपसमारंभातील हारतुरे सुकून जातात, बरोबर आणलेला फराळ संपतो, आणि मग परकी भाषा, परके अन्न व परकी थंडी यांच्याशी रोजचा व्यवहार सुरू होतो. आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबांतील मुलेमुली आज विद्येसाठी व उद्योगासाठी परदेशी राहत आहेत. त्यांच्या आईवडिलांना आणि त्या मुलामुलींनाही डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा एकदा वाचावेसे वाटेल. त्यांच्या हौतात्म्याची कथा सर्वांस ठाऊक आहे. ते त्या मुलखात राहिले कसे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

डॉ. कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. घरात भावंडे पुष्कळ होती. मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. जपानने १९३७ साली चीनवर आक्रमण केले, तेव्हा चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्याची विनंती केली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. अलाहाबादचे डॉ. अटल हे त्याचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून हे पथक निघाले, तेव्हा कोटणीस यांना अठ्ठाविसावे वर्ष पुरे व्हावयाचे होते.

हाँगकाँगवरून कँटन, तेथून हांकौ, इचांग आणि चुंगकिंग असा प्रवास झाला. त्यांच्या पाठोपाठ युद्धही सरकत होते. ऑक्टोबर १९३८ मध्ये कँटन व हांकौ ही दोन्ही शहरे जपान्यांच्या हाती पडली. याच भ्रमंतीत पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीनवाचक ‘ह्वा’ हे अक्षर होते. कोटणीस हे ‘के दिह्वा’ झाले. पुढे चिनी जनतेने त्यांना याच नावाने ओळखले.

चुंगकिंग येथे असताना घरून वडिलांच्या निधनाची वार्ता आली. थोरल्या माणसाचे छत्र गेलेले, घरचा प्रपंच मोठा, आणि आपण हजारो मैल दूर. अशा प्रसंगी परत फिरण्यास कोणी नावे ठेविली नसती. सहकाऱ्यांनीही त्यांना तसे सुचविले होते. कोटणीस यांनी मात्र पुढे जाण्याचाच निर्णय घेतला. पुत्रधर्म थोर की रुग्णधर्म थोर, हा प्रश्न पोथीत सोडविणे सोपे, परंतु सुतकाच्या दिवसांत परमुलखात एकट्याने सोडविणे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याने त्याने करावी. फेब्रुवारी १९३९ मध्ये ते पथकाबरोबर वायव्येकडील येनान येथे पोहोचले.

येनानचा मुलूख पिवळ्या भुसभुशीत मातीच्या डोंगरांचा. लोक त्या डोंगरांतच गुहा खोदून राहत, आणि इस्पितळेही तशाच गुहांतून चालत. नित्याचे अन्न म्हणजे राळ्याचा भात किंवा पेज, आणि बरोबर थोडीशी भाजी. आपल्याकडे राळे अपरिचित नाहीत, परंतु ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकरास रोज तेच खाऊन राहणे सुखाचे नव्हे. सोलापूरच्या उन्हात वाढलेल्या देहाला तेथील हिमकाळही नवाच होता. उत्तर चीनच्या खेड्यांतून लोक विटामातीच्या चौथऱ्यावर निजतात, आणि त्याच्या पोटातून चुलीची ऊब खेळविलेली असते. घरची मंडळी त्या एकाच चौथऱ्यावर हातरुणे घालतात. पाहुण्याने तेथे निजणे म्हणजे त्या कुटुंबात सामील होणेच होय.

खरी अडचण होती ती भाषेची. चिनी भाषेत एकच उच्चार निरनिराळ्या स्वरांत केला की त्याचा अर्थ पालटतो, आणि लिपीत मुळाक्षरे नाहीत. प्रत्येक चिन्ह स्वतंत्रपणे घोटावे लागते. दुभाष्याच्या मध्यस्थीने शस्त्रक्रिया करता येते, परंतु भ्यालेल्या रुग्णाला धीर देता येत नाही. कोटणीस यांनी ही भाषा चिकाटीने शिकून घेतली. पुढे ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेतून शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. घराची ओढ त्यांनी अशा रीतीने कामाला लाविली.

दरम्यान सोबतीही एकेक करून कमी झाले. १९३९ साली डॉ. चोळकर व डॉ. मुखर्जी मायदेशी परतले. चोळकर गेले आणि पथकात मराठीत बोलावे असे माणूस उरले नाही. डॉ. अटलही प्रकृतीच्या कारणाने १९४० च्या आरंभी परतले. कोटणीस व बसू हे शान्सी, चाहार व हेबेई या प्रांतांच्या सीमेवरील युद्धक्षेत्रात गेले. पुढे बसू येनानला माघारी गेले आणि कोटणीस त्या आघाडीवर एकटे राहिले. घरच्या पत्रांना यावयास महिनेच्या महिने लागत.

तेथील इस्पितळ एका जागी स्थिर नव्हते. शत्रूची चाल होताच जखमींना डोल्यांतून व औषधांच्या पेट्या खेचरांवरून हलवावयाच्या, आणि दुसऱ्या खेड्यातील शेतकऱ्यांच्या घरांत पुन्हा मांडामांड करावयाची. कापडाच्या पट्ट्या धुऊन पुन्हा वापरावयाच्या. १९४० सालच्या मोठ्या मोहिमेत कोटणीस यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या, असे सांगतात. कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी याच भागात सेवा करीत १९३९ साली देह ठेविला होता. त्यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस यांच्याकडे आले. शेजारीपाजारी त्यांना ‘लाओ के’, म्हणजे आपल्याकडील ‘केबुवा’सारख्या घरगुती नावाने हाक मारीत.

तेथेच क्वो चिंगलान या परिचर्येच्या अध्यापिकेशी त्यांची ओळख झाली आणि १९४१ साली त्यांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी पुत्र झाला. त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. ज्या माणसाला दोन घरे असतात, त्याला एक घर सोडावे लागतेच असे नाही, हा अर्थ त्या दोन अक्षरांत सामावला आहे.

परंतु देह थकला होता. अपस्माराचे झटके येत. विश्रांतीचा आग्रह होत असतानाही अध्यापन, शस्त्रक्रिया आणि पाठ्यपुस्तकाचे लेखन चालूच होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. दैवाची निष्ठुरता अशी की, वैद्यकाचे शिक्षण घेत असतानाच १९६७ साली यिनह्वाही गेला. क्वो चिंगलान यांनी मात्र सासरचे नाते अखेरपर्यंत जपले. कोटणीस कुटुंबियांना भेटण्यासाठी त्या अनेकदा भारतात आल्या. २०१२ साली त्या निवर्तल्या.

व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या चित्रपटाने कोटणीस यांचे नाव घरोघर पोहोचविले. चीनमध्ये शिजियाच्वांग येथील हुतात्म्यांच्या उद्यानात त्यांची समाधी आहे. भारतास भेट देणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीस कुटुंबियांची भेट घेण्याचा प्रघात दीर्घकाळ पाळला. १९६२ सालच्या युद्धाने दोन्ही देशांत कटुता आली, तरी या एका नावाला तिची झळ लागली नाही. राष्ट्रांचे करार मोडतात, परंतु रुग्णाच्या उशाशी काढलेल्या रात्री विसरल्या जात नाहीत.

या चरित्रातून आपल्या तरुणांनी काय घ्यावे? प्रत्येकाने रणभूमीवर जावे, असे कोणी म्हणणार नाही. परंतु जेथे आपण राहतो तेथील माणसांची भाषा शिकावी, त्यांच्या पंगतीत बसावे आणि त्यांच्या उपयोगी पडावे, एवढे कोणासही साधण्यासारखे आहे. घराची आठवण ही दुर्बलता नव्हे. ती मनात असूनही जो हातचे काम सोडीत नाही, त्याला परका मुलूख हळूहळू आपला म्हणू लागतो. आणि ज्यांची मुले दूर आहेत अशा घरांनीही एवढे ध्यानात ठेवावे की, पत्र उशिरा आले म्हणून माया आटली असे होत नाही. कदाचित त्या वेळी ते मूल कोणाच्या तरी उशाशी बसलेले असेल.