परीक्षा १८९२ ची, पदवी १९२२ ची

ब्रिटनमधील विद्यापीठात शिकायला जायचे ठरले, की आज पुण्या-मुंबईच्या घरांत एक यादी तयार होते. गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, इंग्रजीची परीक्षा, शिष्यवृत्तीचे अर्ज, बँकेतील शिल्लक आणि शेवटी व्हिसा. यादी लांबलचक असली, तरी ती पूर्ण केली की दार उघडते, एवढा भरवसा विद्यार्थ्याला असतो. १८८९ मध्ये पुण्याच्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला निघाल्या, तेव्हा असा भरवसा त्यांना कोणीही देऊ शकत नव्हते. गुण होते, पण त्या गुणांवर मिळणारी शिष्यवृत्ती नाकारली गेली होती. कायदा शिकण्याची इच्छा होती, पण कायद्याची ती परीक्षा तोपर्यंत एकाही स्त्रीने दिलेली नव्हती. परीक्षा उत्तीर्ण झाल्या, तरी पदवी मिळणार नव्हती आणि पदवीवाचून वकिलीची सनद मिळणे त्याहून अवघड होते. कॉर्नेलिया यांचे सारे आयुष्य म्हणजे अशी एकामागून एक बंद दारे उघडण्याची दीर्घ खटपट होती.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकचा. वडील रेव्हरंड सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. तरुणपणी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे मिशनचे काम केले. आई फ्रान्सिना यांना लहानपणीच फोर्ड या इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढविले होते. घरात इंग्रजी बोलली जाई, पण मुलींनी पारशी पद्धतीची साडी नेसणे सोडले नव्हते. कॉर्नेलिया यांचे बालपण काही काळ बेळगावात आणि नंतर पुण्यात गेले. पुण्यात फ्रान्सिनाबाईंनी व्हिक्टोरिया हायस्कूल सुरू केले. निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र शिकावीत, हा त्या शाळेचा हेतू होता. मुलींनी शिकून नुसते सुशिक्षित व्हावे एवढ्यावर या आईचे समाधान नव्हते. शिक्षणाचा समाजाला काही उपयोग झाला पाहिजे, असा तिचा आग्रह असे. सातत्याने चाललेल्या या शिकवणीचा परिणाम सर्वच बहिणींवर झाला. सुसी यांनी पुण्यात सेंट हेलेनाज् ही मुलींची शाळा काढली, तर ॲलिस डॉक्टर झाल्या आणि लग्नानंतर वायव्य सरहद्दीवरील बन्नू येथे त्यांनी रुग्णसेवा केली.

कॉर्नेलिया कायद्याकडे कशा वळल्या, याची हकीकत त्यांनी आत्मचरित्रात दिली आहे. एक पडदानशीन विधवा त्यांच्या आईकडे मदत मागायला आली होती. तिची मालमत्ता तिच्याच कारभाऱ्याने कागदपत्रांवर सह्या घेऊन लुबाडली होती. परपुरुषासमोर यायचे नाही म्हणून वकिलाला भेटता येत नव्हते आणि स्त्री वकील तर देशातच नव्हती. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असे आईने मुलीला सुचविले. त्या काळी शिकलेल्या स्त्रीपुढे शिक्षिका किंवा फार तर डॉक्टर होण्याचा मार्ग होता. या मुलीने मात्र जो मार्ग अस्तित्वातच नव्हता, तो धरला.

पुरुषांच्या डेक्कन कॉलेजात प्रवेश घेणाऱ्या त्या पहिल्या विद्यार्थिनी. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर हा मानही त्यांच्याकडेच जातो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे अंतिम परीक्षेत त्यांना त्या तुकडीत सर्वाधिक गुण मिळाले होते आणि इंग्लंडमध्ये उच्च शिक्षण घेण्यासाठी असलेल्या सरकारी शिष्यवृत्तीवर त्यांचा हक्क होता. परंतु ती शिष्यवृत्ती स्त्रीला देता येणार नाही, असे त्यांना कळविण्यात आले. गुणवत्ता सिद्ध झाल्यावर ती नाकारण्यासाठी एवढे एकच कारण पुरेसे ठरले. त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकविण्याची तात्पुरती नोकरी पत्करली. वर्गात सगळे विद्यार्थी पुरुष आणि व्यासपीठावर विशीतील तरुणी, हे दृश्य तेव्हाच्या हिंदुस्थानात नवलाचेच होते.

नोकरी करीत असतानाही इंग्लंडचा विचार त्यांनी सोडला नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी लंडनच्या नॅशनल इंडियन असोसिएशनकडे साहाय्य मागितले. मेरी कार्पेंटर यांनी १८७० मध्ये स्थापन केलेली ही संस्था हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणाला मदत करीत असे आणि इंग्लंडमध्ये आलेल्या हिंदी विद्यार्थ्यांची विचारपूसही करीत असे. संस्थेच्या चिटणीस ॲडलेड मॅनिंग यांचे लंडनमधील घर म्हणजे या विद्यार्थ्यांचे हक्काचे ठिकाण होते. कायद्याच्या शिक्षणासाठी आलेले तरुण मोहनदास गांधीही त्यांच्याकडे जात असत. परदेशी शिकायला जाणाऱ्याला पैशाइतकीच गरज असते ती माहीतगार माणसांची. कोणते कॉलेज, कोणती परीक्षा, राहायचे कोठे, कोणाची शिफारस उपयोगी पडेल, हे सांगणारे कोणीतरी लागते. त्यासाठी सरकारी यंत्रणा उभी राहण्यास १९०९ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सर टी. डब्ल्यू. अरनॉल्ड यांची हिंदी विद्यार्थ्यांचे शैक्षणिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. तत्पूर्वी हे काम प्रामुख्याने मिस मॅनिंग यांच्यासारख्या व्यक्तींच्या आस्थेवरच चालत होते.

कॉर्नेलिया यांच्या विनंतीचा पाठपुरावा लेडी मेरी हॉबहाउस यांनी केला. त्यांचे पती लॉर्ड हॉबहाउस यांनी हिंदुस्थान सरकारात कायदेविषयक जबाबदारी सांभाळली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न आणि इतर अनेकांनी वर्गणी दिली. सरकारने जे नाकारले, ते खासगी देणग्यांतून जमा झाले आणि १८८९ मध्ये कॉर्नेलिया इंग्लंडला पोहोचल्या. त्याच वर्षी मुंबईच्या रखमाबाईही वैद्यकीय शिक्षणासाठी लंडनमध्ये दाखल झाल्या, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

ऑक्सफर्डमधील सॉमरव्हिल हॉल ही स्त्रियांची संस्था तेव्हा अवघी दहा वर्षांची होती. विद्यार्थिनींना व्याख्यानांना बसता येई, काही परीक्षाही देता येत. परंतु विद्यापीठाच्या त्या सभासद नव्हत्या. पुरुषांच्या कॉलेजात व्याख्यानाला जाताना सोबतीला एखादी प्रौढ स्त्री असावी, असा दंडक होता. कॉर्नेलिया यांची सुरुवातीची वाटचाल साहित्याच्या अभ्यासक्रमाकडे होती. कायद्याकडे वळण्यासाठी त्यांना पाठबळ मिळाले ते बेलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांचे. ग्रीक तत्त्वज्ञानाचे हे थोर अभ्यासक हिंदुस्थानच्या प्रश्नांत विशेष रस घेत. सनदी सेवेसाठी निवडलेले अनेक तरुण त्यांच्याच कॉलेजात तयार होत असत. पुण्याहून आलेल्या या विद्यार्थिनीची जिद्द त्यांनी ओळखली आणि आपले वजन तिच्या पाठीशी उभे केले. ऑल सोल्स कॉलेजचे प्रमुख सर विल्यम ॲन्सन यांनी १८९० मध्ये तेथील प्रसिद्ध कॉड्रिंग्टन ग्रंथालय त्यांना खुले करून दिले. तेथे वाचनाची परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

बॅचलर ऑफ सिव्हिल लॉ ही ऑक्सफर्डची कायद्यातील कठीण परीक्षा. नाव बॅचलरचे असले, तरी तिची पातळी पदव्युत्तर. रोमन कायदा हा तिचा पाया आणि त्याची मूळ साधने लॅटिनमध्ये. डायसी, पोलॉक, ब्राइस यांच्यासारखे कायदेपंडित तेव्हा ऑक्सफर्डमध्ये शिकवीत होते. म्हणजे स्पर्धा होती ती इंग्लंडमधील निवडक कायदे-विद्यार्थ्यांशी. अभ्यास एकीकडे चालला असताना परीक्षेला बसू देतील की नाही, याची टांगती तलवार डोक्यावर होतीच. पुरुषांपासून वेगळे, सॉमरव्हिलमध्येच बसून प्रश्नपत्रिका सोडवावी, अशी सूचना पुढे आली होती. ती मान्य केली असती, तर परीक्षा पार पडली असती. पण ती खरी परीक्षा म्हणून कोणी मानली नसती. हे ओळखून कॉर्नेलिया सर्वांबरोबर परीक्षा देण्यावर ठाम राहिल्या. अखेर १८९२ मध्ये हितचिंतकांच्या प्रयत्नांमुळे विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना परवानगी दिली. ही परीक्षा देणाऱ्या त्या जगातील पहिल्या स्त्री ठरल्या. तोवर एकाही इंग्रज स्त्रीला ती संधी मिळालेली नव्हती.

निकाल लागला तो तृतीय श्रेणीचा. डेक्कन कॉलेजात अव्वल असलेल्या विद्यार्थिनीला तो फारसा सुखावणारा नव्हता. शिवाय उत्तीर्ण होऊनही पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याची तरतूदच ऑक्सफर्डच्या नियमांत नव्हती. काही काळ लंडनच्या एका सॉलिसिटर पेढीत काम शिकून १८९४ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

ऑक्सफर्डमध्ये आलेला अनुभव येथेही वाट्याला आला. काठेवाड आणि इंदूरकडील संस्थानांतील ब्रिटिश प्रतिनिधींपुढे पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्याची खास परवानगी त्यांना मिळे, परंतु न्यायालयात वकील म्हणून उभे राहण्याची मुभा नव्हती. ऑक्सफर्डची परीक्षा पुरेशी नसेल तर इथली देऊ, या निश्चयाने त्यांनी १८९७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत उत्तीर्ण होऊनही सनद मिळाली नाही. ज्ञान कमी पडले म्हणून नव्हे, तर वकील या शब्दाच्या कायदेशीर अर्थात स्त्री बसत नव्हती म्हणून.

मग त्यांनी वेगळी वाट शोधली. पडदानशीन स्त्रियांसाठी सरकारने स्त्री कायदेसल्लागार नेमावा, असा पाठपुरावा त्यांनी १९०२ पासून इंडिया ऑफिसकडे चालविला. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्‌समध्ये त्यांची नेमणूक झाली. वारस अज्ञान असलेल्या किंवा विधवांच्या ताब्यात आलेल्या जमीनदाऱ्यांचा कारभार हे खाते पाहत असे. पुढे बिहार, ओरिसा आणि आसाम हे भागही त्यांच्या कार्यक्षेत्रात आले. सुमारे वीस वर्षांत त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रिया आणि अनाथ मुलांना मदत केली, असे मानले जाते. वारसाहक्काचे तंटे, कारभाऱ्यांची लबाडी, मुलांचे शिक्षण, अशा असंख्य गोष्टींत त्या लक्ष घालीत. १९०९ मध्ये त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. आईकडे आलेल्या त्या विधवेला जी मदत मिळू शकली नव्हती, ती अशा रीतीने शेकडो जणींपर्यंत पोहोचली.

दरम्यान काळ बदलत होता. इंग्लंडमध्ये १९१९ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीचा व्यवसाय खुला झाला. १९२० मध्ये ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देण्यास मान्यता दिली. केंब्रिजला तेवढ्यासाठी १९४८ पर्यंत थांबावे लागले. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने कॉर्नेलिया यांची वकील म्हणून नोंद केली. १९२२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डमध्ये बी.सी.एल. ही पदवी स्वीकारली. तिशीच्या आत दिलेल्या परीक्षेची पदवी त्यांना पंचावन्नाव्या वर्षी मिळाली. १९२३ मध्ये लिंकन्स इनने त्यांना बॅरिस्टर केले आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही कायदा होऊन स्त्रियांच्या वकिलीवरील बंदी उठली. त्यानंतर त्यांनी कलकत्त्यात वकिली सुरू केली. परंतु पूर्वग्रह कायद्यासरशी संपत नाहीत. न्यायालयात युक्तिवाद करण्यापेक्षा कागदोपत्री मत देण्याचेच काम त्यांच्या वाट्याला अधिक आले. १९२९ मध्ये त्या निवृत्त होऊन लंडनला स्थायिक झाल्या.

त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. ब्रिटिश साम्राज्यावर त्यांची निष्ठा होती. राष्ट्रीय चळवळीला आणि गांधीजींच्या राजकारणाला त्यांनी विरोध केला. कॅथरिन मेयो यांच्या १९२७ च्या वादग्रस्त पुस्तकाची त्यांनी पाठराखण केली, तेव्हा अनेक जुने स्नेही दुरावले. समाजसुधारणेच्या कामातील त्यांचे सहकारीही कमी झाले. शिष्यवृत्ती, पदवी आणि सनद नाकारणारी सत्ता हीच होती, तरीही त्यांचा तिच्यावरील विश्वास ढळला नाही. कदाचित मिस मॅनिंग, लेडी हॉबहाउस, जोवेट या व्यक्तींकडून मिळालेले प्रेम आणि राज्यव्यवस्थेकडून मिळालेली वागणूक यांत त्यांनी कधी फरक केला नसावा. स्वातंत्र्योत्तर भारताला त्यांचा बराच काळ विसर पडला, त्यामागे हे एक कारण असू शकते. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.

२०१२ मध्ये लिंकन्स इनमध्ये त्यांच्या अर्धपुतळ्याचे अनावरण झाले. सॉमरव्हिल कॉलेजात त्यांच्या नावाने कायद्याच्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्तीही सुरू झाली. त्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला गुण, शिफारस आणि अभ्यास यांचीच चिंता करावी लागते. आपण स्त्री असल्याबद्दल विद्यापीठाकडून खास ठराव करून घ्यावा लागत नाही. परीक्षा आणि पदवी यांच्यामध्ये तीस वर्षे थांबलेल्या एका विद्यार्थिनीने तिच्या यादीतून ती एक ओळ कायमची खोडून टाकली आहे.