आख्यानातून रंगमंचाकडे : विष्णुदास भावे

अद्भुत कथा सांगणे एक आणि ती डोळ्यांपुढे उभी करणे दुसरे. कीर्तनकाराने रावणाचा उल्लेख करताच त्याची दहा मुखे श्रोत्याच्या मनात आपोआप प्रकट होतात. तोच रावण रंगमंचावर आणायचा तर सुतार, शिंपी आणि नट अशा सर्वांनाच कामाला लागावे लागते. ही अडचण सोडविण्याचे काम सांगली संस्थानातील विष्णु अमृत भावे या तरुणाकडे आले आणि त्यातून महाराष्ट्रातील मराठी रंगभूमी जन्मास आली. या कार्याची प्रेरणा कर्नाटकातून आली होती, ही गोष्ट के. आर. पुरमसारख्या ठिकाणी वाढलेल्या मराठी वाचकाने विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

१८४२ च्या सुमारास होन्नावरजवळच्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. भागवताने पदे गायची आणि पात्रांनी नाचत, बोलत प्रसंग दाखवायचा, ही बंगळुरूकरांना यक्षगानातून परिचित असलेली रीत. संस्थानाधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांना खेळाची कल्पना आवडली, परंतु त्यातील ओबडधोबडपणा रुचला नाही. असेच काही मराठीत, अधिक नीटनेटके व्हावे, अशी त्यांनी विष्णुपंतांना आज्ञा केली. विष्णुपंतांचे वडील संस्थानच्या चाकरीत होते. स्वतः विष्णुपंत पदे रचीत, गोष्टी रंगवून सांगत आणि हाताचेही कुशल कारागीर होते.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ झाले. तंजावरच्या भोसले राजांनी त्यापूर्वी दीडशे वर्षे मराठी नाटके रचली होती, हे खरे. पण ती परंपरा महाराष्ट्रापर्यंत पोहोचली नव्हती. येथे सारे नव्यानेच जुळवावे लागले. भावे यांनी योजिलेली रचना साधी होती आणि त्या साधेपणातच तिचे सामर्थ्य होते. सूत्रधार आरंभापासून अखेरपर्यंत रंगमंचावर उभा राही व कथानक पदांतून गाई. सोंडेचा मुखवटा घातलेला गणपती येई, मग मयूरावर बसलेली सरस्वती नाचत येई, विदूषक हसवून जाई. त्यानंतर आख्यान सुरू होई. पात्रांची भाषणे लिहिलेली नसत. पद संपले की नटाने प्रसंग ओळखून स्वतःच्या शब्दांत बोलायचे. जे देहाने दाखविता येत नाही ते गाण्यावर सोपवायचे आणि जे दाखविता येते ते ठसठशीत दाखवायचे, अशी ही वाटणी होती. राक्षसांच्या आरोळ्यांनी मंडप दणाणून जाई. पुढे सुशिक्षितांनी या आरडाओरड्याची थट्टा करून अशा नाटकांना ‘अललडुर्र’ म्हटले. पण मुलाबाळांना धडकी भरविणारा राक्षस मराठीत प्रथम त्या आरोळ्यांनीच उभा केला, हे टीकाकारांनी सोयीस्करपणे विसरू नये.

प्रतिष्ठित घरच्या तरुणांनी तोंडाला रंग फासून नाचावे, हे त्या काळच्या समाजास मानवणारे नव्हते. अप्पासाहेबांचा आधार होता तोवर निभावले. १८५१ मध्ये ते निवर्तले, राजाश्रय आटला आणि मंडळी पोटासाठी गावोगाव हिंडू लागली. १८५३ मध्ये भावे मुंबईस गेले. तेथे ग्रँट रोडच्या नाट्यगृहात तिकीट लावून त्यांनी प्रयोग केले. दरबारी करमणूक अशा रीतीने सर्वसामान्यांच्या खिशावर उभी राहिली. मराठी न जाणणाऱ्या प्रेक्षकांसाठी गोपीचंदाचे आख्यान त्यांनी हिंदीतही बसविले. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून अनेक नाटकमंडळ्या निघाल्या, आणि आद्य प्रवर्तक मात्र १८६० नंतर लवकरच या व्यवसायातून दूर झाले.

१८८५ मध्ये त्यांची आख्याने ‘नाट्यकवितासंग्रह’ या नावाने छापून निघाली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. ५ नोव्हेंबर हा दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो आणि सांगलीत त्यांच्या नावाचे गौरवपदक दिले जाते.

त्यांच्या हातची आणखी एक निर्मिती मात्र दीर्घकाळ अंधारात राहिली. त्यांनी कळसूत्री लाकडी बाहुल्या घडविल्या होत्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी केली आणि ‘सीतास्वयंवरा’तील त्या पात्रांना पुन्हा प्रेक्षकांसमोर हालते-चालते केले.