हाफकिन आणि बाटली क्रमांक ५३ एन

नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली प्लेगने स्वातंत्र्यवीर सावरकरांचे वडील दामोदरपंत यांचा बळी घेतला. त्या वेळी या रोगावरची लस तयार होती, आणि तीही मुंबईत. ती बनवणारे वाल्देमार हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेमुळे आपल्या ओळखीचे आहे. त्यांच्यावर काय बेतले, ते मात्र फारसे कुणाला माहीत नसते.

हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. मेचनिकॉफ यांच्या हाताखाली ते एकपेशीय जीवांचा अभ्यास करू लागले. धर्म बदलला असता तर विद्यापीठात नोकरी मिळाली असती. त्यांनी तो बदलला नाही. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथपालाच्या कामापासून सुरुवात केली, १८९२ मध्ये स्वतः तयार केलेली कॉलऱ्याची लस स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्या वर्षी ते भारतात आले.

ऑक्टोबर १८९६ मध्ये प्लेगमुळे त्यांना मुंबईला बोलावण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. मांसाच्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत ठेवले. प्लेगचे जिवाणू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढत, छताला जळमटे लोंबावीत तसे. अधूनमधून भांडे हलवून ती जळमटे तळाशी पाडायची आणि पुन्हा वाढू द्यायची. मग सगळे तासभर तापवायचे.

जिवाणू म्हणजे एकच पेशी. तिला वेगळे केंद्रक नसते. डीएनए पेशीद्रवातच असतो. त्याभोवती पातळ पटल, बाहेर भित्तिका आणि प्लेगच्या जिवाणूला त्यावर प्रथिनांचे आवरणही असते. उष्णतेने आतला कारभार थांबतो, वाढ बंद होते. पण बाहेरच्या खुणा बऱ्याच अंशी शिल्लक राहतात. आपले शरीर त्याच खुणांवरून शत्रूला ओळखायला शिकते. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लसही आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण ते सावरले. नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील चाचणीत लस उपयोगी असल्याचे दिसले.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने दगावले. या १९ जणांची लस एकाच बाटलीतली होती, क्रमांक ५३ एन. चौकशीत ठपका परळच्या प्रयोगशाळेवर आला: लशीत कार्बोलिक अॅसिड न घालता केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली, असा. हाफकिन यांना काम सोडावे लागले.

त्यांची सुटका शेवटी जिवाणूच्या स्वभावाने केली. धनुर्वाताचा जिवाणू अडचणीत जाड कवचाचे बीजाणू बनवतो. त्यात पाणी अगदी कमी आणि व्यवहार जवळजवळ ठप्प, त्यामुळे ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. सौम्य कार्बोलिकही त्यांना मारत नाही. प्राणवायू नसलेली जागा आणि अन्न मिळाले की ते जागे होतात, वाढतात, विष तयार करतात आणि दुर्गंधी सोडतात. परळलाच ते बाटलीत शिरले असते, तर गावात पोहोचेपर्यंत बाटली घाण मारायला हवी होती. उघडताना मात्र तसा वास आला नव्हता. शिवाय बाटली उघडण्याचा चिमटा त्या दिवशी जमिनीवर पडला होता, आणि तो न उकळता केवळ कार्बोलिकमध्ये बुडवून वापरला गेला. माझ्या मते हे एवढे साधे गणित चौकशीतच सुटायला हवे होते!

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये ही बाजू मांडली, तेव्हा कुठे त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ते कोलकात्याला कामावर परतले. परळची प्रयोगशाळा मात्र त्यांना परत मिळाली नाही. १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान शहरात त्यांचे निधन झाले.