दाबाचे रहस्य उलगडणारे ब्लेझ पास्कल

ब्लेझ पास्कल यांचा जन्म १९ जून १६२३ रोजी फ्रान्समधील क्लेरमाँ या गावी झाला. ते तीन वर्षांचे असतानाच त्यांच्या आईचे निधन झाले. वडील एत्येन हे सरकारी अधिकारी आणि गणिताचे जाणकार होते. मुलाला शाळेत न पाठवता त्यांनी त्याला घरीच शिकवले. आधी भाषांचा पाया पक्का व्हावा, म्हणून गणिताची पुस्तके त्यांनी त्याच्यापासून दूर ठेवली होती. परंतु बारा वर्षांच्या ब्लेझने कोळशाने जमिनीवर आकृत्या काढून, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांएवढी असते हे स्वतःच शोधून काढले, असे सांगतात. पुढे करवसुलीच्या हिशेबांत बुडालेल्या वडिलांचे श्रम कमी व्हावेत, म्हणून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्यांनी बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करण्यास आरंभ केला.

त्याच सुमारास इटलीतील तोरिचेल्ली यांच्या एका प्रयोगाची युरोपभर चर्चा होत होती. एका बाजूने बंद असलेली काचेची लांब नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी धरली, तर पारा थोडा खाली उतरे आणि सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर स्थिर राही. नळीत वरच्या बाजूस जागा रिकामी उरे. निसर्गाला पोकळी सहन होत नाही, ही समजूत तेव्हा शतकानुशतके रूढ होती. त्यामुळे अनेक विद्वान ती जागा रिकामी आहे हेच मानायला तयार नव्हते. भांड्यातील पाऱ्यावर बाहेरची हवा दाब देते आणि त्या दाबाने नळीतील पारा तोलून धरला जातो, असे तोरिचेल्ली यांचे मत होते. पण हा वाद केवळ शब्दांनी मिटणारा नव्हता.

पास्कल यांनी विचार केला, की पारा हवेच्या भारामुळे तोलला जात असेल, तर उंच पर्वतावर त्याची पातळी उतरली पाहिजे. कारण तिथे वर असलेल्या हवेचा थर कमी असतो. निसर्ग पोकळीचा तिरस्कार करतो म्हणावे, तर तो पायथ्याशी अधिक आणि शिखरावर कमी का करील? पास्कल यांची प्रकृती तरुणपणापासूनच नाजूक होती आणि त्या वेळी ते क्लेरमाँपासून दूर, पॅरिसमध्ये राहत होते. म्हणून क्लेरमाँजवळच्या पुय द दोम या पर्वतावर प्रयोग करण्याचे काम त्यांनी आपले मेहुणे फ्लोरँ पेरिए यांच्यावर सोपवले.

१९ सप्टेंबर १६४८ रोजी पेरिए काही प्रतिष्ठित नागरिकांना सोबत घेऊन निघाले. एक नळी त्यांनी खाली गावातील मठाच्या बागेत ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे लक्ष देण्यास एका साधूला सांगितले. दुसरी नळी घेऊन ते सुमारे १००० मीटर वर चढले. शिखरावर पारा सुमारे ८ सेंटिमीटर खाली आला होता. त्यांनी जागा बदलून पुन्हा पुन्हा मोजमाप केले. उत्तर तेच आले. खालच्या नळीतील पारा मात्र दिवसभर जागचा हलला नव्हता. त्यामुळे हा फरक उंचीमुळेच पडला, याविषयी शंका उरली नाही.

यानंतर पास्कल यांनी द्रवांचा अभ्यास केला. द्रवाचा दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर द्रवाच्या खोलीवर अवलंबून असतो, हे त्यांनी स्पष्ट केले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा नियम आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाण्याने भरलेल्या बंद भांड्याला दोन तोंडे असतील आणि एकाचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान तोंडावरील दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरील शंभर माणसांचे बळ तोलून धरू शकतो. मात्र मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर जाण्यासाठी लहान दट्ट्या शंभर सेंटिमीटर खाली ढकलावा लागतो. मोटारीचे ब्रेक आणि जड वाहने उचलणारे जॅक याच तत्त्वावर चालतात.

आयुष्याच्या उत्तरार्धात पास्कल धर्मचिंतनाकडे वळले. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. द्रवांचा समतोल आणि हवेचा भार यांविषयीचे त्यांचे लेखन पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाले. १९७१ मध्ये दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककाला ‘पास्कल’ हे नाव देण्यात आले. समुद्रसपाटीवर हवेचा दाब सरासरी १,०१,३२५ पास्कल असतो. ज्या हवेच्या भाराविषयी एके काळी विद्वानांत वाद होता, तो आज त्यांच्याच नावाने मोजला जातो.