दीपगृहांच्या घराण्यातील कथाकार

स्कॉटलंडचा समुद्रकिनारा अत्यंत खडकाळ आहे. पूर्वी वादळी रात्री ह्या खडकांवर आदळून अनेक जहाजे फुटत आणि शेकडो खलाशी प्राणांस मुकत. अशा ह्या किनाऱ्यावर दीपगृहे उभारण्याचे कार्य एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या केले. ते स्टीव्हन्सन घराणे होय. त्यातील रॉबर्ट स्टीव्हन्सन ह्या इंजिनियराने भरतीच्या वेळी पाण्याखाली बुडून जाणाऱ्या बेल रॉक नावाच्या खडकावर दीपगृह बांधले. १८११ साली तेथे प्रथम दिवा लागला. त्याच्या मुलांनीही हाच व्यवसाय पत्करला. त्यांपैकी टॉमस ह्यास १३ नोव्हेंबर १८५० रोजी एडिंबरो शहरी पुत्र झाला. ‘ट्रेझर आयलंड’ म्हणजेच ‘खजिन्याचे बेट’ ह्या जगप्रसिद्ध कादंबरीचा लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन तो हाच. घरातील माणसे त्यास लुई म्हणत.

लुई हा आईवडिलांचा एकुलता एक मुलगा. त्याची प्रकृती लहानपणापासूनच नाजूक होती. एडिंबरोची हवा थंड व दमट असल्यामुळे हिवाळा आला, की खोकला आणि ताप ह्यांनी तो हैराण होई. इतर मुले बाहेर खेळत, तेव्हा लुई अंथरुणावर शिशाचे शिपाई मांडून बसे. पांघरुणाच्या घड्या हेच त्याचे डोंगर आणि तेथेच त्याची सैन्ये लढत. रात्री खोकल्याने झोप येईनाशी झाली, म्हणजे त्याची प्रेमळ दाई अ‍ॅलिसन कनिंगहॅम त्यास उचलून खिडकीशी नेई. दूर अंधारात एखाददुसरी खिडकी उजळलेली दिसे. तेथेही कोणी आजारी मूल पहाटेची वाट पाहत असेल, असे त्या दोघांस वाटे.

कधीकधी वडीलही उशाशी येऊन बसत. टॉमस स्टीव्हन्सन हे करड्या शिस्तीचे आणि धर्मनिष्ठ गृहस्थ होते. परंतु त्यांचीही एक गुप्त हौस होती. स्वतःला झोप यावी म्हणून ते रोज रात्री मनाशी गोष्टी रचीत. जहाजे, लुटारू, म्हातारे खलाशी, रस्त्याकडेच्या सराया ह्यांनी त्या गोष्टी भरलेल्या असत. मुलगा तळमळू लागला, की ते काल्पनिक गाडीवानांशी आणि सराईवाल्यांशी बोलल्याचे सोंग आणून त्याचे मन रमवीत.

लुईनेही दीपगृहे बांधावीत, ही वडिलांची स्वाभाविक इच्छा होती. त्याप्रमाणे १८६७ साली तो एडिंबरो विद्यापीठात इंजिनियरिंगचा अभ्यास करू लागला. विक येथील बंदरात पाणबुड्याचा पोशाख चढवून तो समुद्रतळाशी उतरला. १८७० साली भर समुद्रातील एका खडकावर दीपगृहाचे काम चालू असता तो जवळच्या एरेड ह्या लहानशा बेटावर राहिला. लाटा, खडक, होड्या हे सारे त्यास मनापासून आवडे. गणिते आणि आराखडे मात्र आवडत नसत. त्याच्या खिशात सदैव एक वही असे आणि दिसेल ते शब्दांत टिपण्याचा त्याचा अभ्यास अखंड चालू असे.

१८७१ साली दीपगृहांतील दिव्याविषयी लिहिलेल्या एका निबंधाबद्दल त्यास रौप्यपदक मिळाले. वडिलांस धन्यता वाटली. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईने आपणांस लेखक व्हावयाचे आहे, असे त्यांस सांगितले. वडिलांस फार दुःख झाले. लेखनावर पोट भरेलच असे नाही, म्हणून त्याने निदान वकिली तरी शिकावी, असे ठरले. १८७५ साली तो वकील झाला. पण त्याने वकिली अशी केलीच नाही. धर्मविषयक मतभेदांमुळेही पितापुत्रांतील अंतर वाढले होते. १८७९ साली तर तो आईवडिलांस न सांगता जहाजाने अमेरिकेस निघून गेला. तेथे दारिद्र्य व आजार ह्यांनी तो मरणाच्या दारी पोहोचला. ही वार्ता कळताच वडील सारा राग विसरले. त्यांनी तार करून मदतीचे आश्वासन दिले. १८८० साली स्टीव्हन्सनने फॅनी ऑस्बोर्न हिच्याशी विवाह केला आणि पत्नी व तिचा मुलगा लॉईड ह्यांस घेऊन तो स्वदेशी परतला.

१८८१ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब स्कॉटलंडमधील ब्रेमार ह्या गावी राहिले होते. पाऊस थांबण्याचे लक्षण दिसेना. घरात कोंडलेला लॉईड रंगपेटी घेऊन चित्रे काढीत बसे. त्याच्या सोबतीस बसून स्टीव्हन्सनने एके दिवशी एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला. त्यात बंदरे, टेकड्या आणि भूशिरे दाखवून त्यांस नावे दिली. नकाशाकडे पाहता पाहता त्यातील रानातून सशस्त्र माणसे धावताना त्यास दिसू लागली. लगेच त्याने कागद घेतला आणि प्रकरणांची यादी तयार केली. जिम हॉकिन्स नावाच्या मुलास एका म्हाताऱ्या चाच्याच्या पेटीत खजिन्याचा नकाशा सापडतो, तो जहाजावरून खजिना शोधण्यास निघतो आणि लाँग जॉन सिल्व्हर ह्या एका पायाच्या धूर्त चाच्याशी त्याची गाठ पडते, अशी ही कथा. हेन्ली नावाच्या आपल्या एका कविमित्राचा एक पाय कापावा लागला असताही त्याचा दरारा कमी झाला नव्हता, हे पाहून स्टीव्हन्सनला सिल्व्हर सुचला.

लिहिलेले प्रकरण तो घरात वाचून दाखवी. लॉईड कान टवकारून ऐके, यात नवल नाही. परंतु तेथे आलेले वृद्ध टॉमस स्टीव्हन्सनही ह्या कथेने वेडावून गेले. रोज रात्री ज्या जगात ते मनाने हिंडत, तेच जग मुलाने कागदावर उतरविले होते! म्हाताऱ्या चाच्याच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू असाव्यात, ह्याची यादी त्यांनी स्वतः करून दिली. फ्लिंट ह्या चाच्याच्या जहाजाचे नावही त्यांनीच सुचविले.

पंधरा दिवसांत पंधरा प्रकरणे झाली. सोळाव्या प्रकरणात मात्र लेखणी अडली. इकडे ‘यंग फोक्स’ ह्या मुलांच्या साप्ताहिकात कथा छापली जाऊ लागली होती. हिवाळ्यात स्टीव्हन्सन प्रकृतीसाठी स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे गेला. तेथे एका सकाळी तो पुन्हा लिहावयास बसला आणि लेखणी झरझर चालू लागली. रोज एक प्रकरण, ह्या वेगाने कथा पूर्ण झाली.

१८८३ साली ही कथा पुस्तकरूपाने निघावयाची होती, तेव्हा प्रकाशकाकडे पाठविलेला मूळ नकाशा गहाळ झाला. स्टीव्हन्सनला कथेतील वर्णनांवरून नकाशा पुन्हा तयार करावा लागला. हे काम वडिलांच्या कचेरीत झाले. जेथे दीपगृहांचे आराखडे निघत, तेथे खजिन्याच्या बेटाचा नकाशा निघाला! निरनिराळी अक्षरे काढण्यात वडील पटाईत होते. त्यांनी त्या नकाशावर फ्लिंटची खोटी सही मोठ्या हौसेने ठोकली. लेखनास एके काळी विरोध करणाऱ्या पित्याने पुत्राच्या पुस्तकास असा हातभार लावला. पुढे टॉमस स्टीव्हन्सन ह्यांचे १८८७ साली निधन झाले.

त्यापूर्वी १८८६ साली स्टीव्हन्सनची ‘किडनॅप्ड’ ही दुसरी साहसकथा प्रसिद्ध झाली होती. तिचा नायक डेव्हिड बॅल्फर जहाज फुटल्यावर एरेड बेटावरच येऊन पडतो. इंजिनियरिंग शिकताना पाहिलेले बेट लेखकाच्या असे उपयोगी पडले.

१८८८ साली स्टीव्हन्सन प्रशांत महासागराच्या सफरीस निघाला आणि अखेर सामोआ बेटावर घर बांधून राहिला. तेथील लोक त्यास तुसिताला म्हणजे गोष्टी सांगणारा म्हणत. तेथील लढाईत तुरुंगात पडलेल्या सरदारांस त्याने अन्न पोहोचविले. १८९४ साली सुटका झाल्यावर त्या सरदारांनी कृतज्ञतेने त्याच्या घरापर्यंत रस्ता बांधून दिला. त्याच वर्षी ३ डिसेंबर रोजी, सकाळी लेखन केलेले असता, सायंकाळी त्यास एकाएकी मृत्यू आला. तेव्हा त्याचे वय अवघे चव्वेचाळीस वर्षांचे होते. वाया पर्वताच्या शिखरावर आपणांस पुरावे, अशी त्याची इच्छा होती. परंतु वर जाण्यास वाट नव्हती. सामोअन लोकांनी रान तोडून वाट काढली आणि आपल्या तुसितालास खांद्यांवरून शिखरावर नेले.

आजोबांनी बांधलेले बेल रॉकचे दीपगृह आजही समुद्रात उभे आहे. नातवाने एकही दीपगृह बांधले नाही. परंतु पावसामुळे किंवा आजारामुळे घरात अडकलेले एखादे मूल ‘खजिन्याचे बेट’ उघडते, तेव्हा जिम हॉकिन्सबरोबर तेही जहाजावर चढते आणि त्याची खोली पाहता पाहता समुद्राएवढी मोठी होते.